रंग गेला, पण कुठे गेला?

निळ्या पाण्याच्या ग्लासात चिमूटभर पांढरी पूड टाकायची, ढवळायची, गाळायची आणि नितळ पाणी कॅमेऱ्यासमोर धरायचं. 'नॅनो' म्हणजे अतिसूक्ष्म कणांची पूड रंग तोडून पाणी स्वच्छ करते, असं सांगणारे हे व्हिडिओ हल्ली खूप फिरतात. ते पाहिले की मला एकच विचारावंसं वाटतं: हाच प्रयोग अंधारात करून पाहिला का?

ही पूड बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडची असते. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच, फक्त कण वीसेक नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड हे टायटॅनियमचं संयुग अल्कोहोलमध्ये मिसळून त्यात थेंबथेंब पाणी सोडलं की मिश्रण आळत जातं. ते वाळवून साधारण 450 अंश सेल्सिअसला भाजलं की 'अ‍ॅनाटेज' नावाचे टायटॅनियम डायऑक्साइडचे स्फटिक मिळतात. भट्टी फार तापली तर कण एकमेकांत मिसळून जाडे होतात. एवढ्या बारीक कणांच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग भरतो सुमारे 75 चौरस मीटर, म्हणजे दोन बेडरूमच्या फ्लॅटएवढा!

खरी गंमत कणाच्या आत आहे. अ‍ॅनाटेजमधल्या इलेक्ट्रॉनला वरच्या ऊर्जापट्ट्यात जायला 3.2 इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं एकक) लागतात. ते देतो सुमारे 388 नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील प्रकाश. इलेक्ट्रॉन वर गेला की मागे धनभारित रिकामी जागा राहते. इलेक्ट्रॉन आणि रिकामी जागा यांच्या बहुतेक जोड्या पुन्हा एकत्र येतात आणि ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. कण लहान असेल तर पृष्ठभाग जवळ, म्हणून काही जोड्या त्याआधीच तिथे पोचतात. तिथे रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढते आणि हायड्रॉक्सिल मुक्तमूलक हा अतिशय क्रियाशील तुकडा तयार होतो. तो रंगाच्या रेणूवर तुटून पडतो. सुटा इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन उचलतो. म्हणून पाण्यात हवा खेळती हवी.

पण एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर रंग नुसता चिकटूही शकतो. म्हणून प्रयोगशाळेत आधी अर्धा तास अंधारात ढवळून चिकटायचा तो रंग चिकटू देतात, मग दिवा लावतात. पूड न घालता फक्त रंगावर प्रकाश टाकूनही पाहतात, कारण अशा प्रयोगांतला मिथिलीन ब्लू हा निळा रंग प्रकाशात आपणहूनही फिकट होतो. आणि निळेपणा गेला तरी रेणूचे तुकडे पाण्यात असू शकतात. त्यासाठी एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा लागतो.

कण तुळशीच्या रसात बनवलेत, म्हणून निर्धोक आहेत, असंही कुणी सांगतं. पण तेवढ्याने ते निर्धोक ठरत नाहीत. भट्टीतून निघालेल्या पुडीत तुळस उरलेलीच नसते.

इचलकरंजीसारख्या कापडाच्या गावातल्या सांडपाण्यात हे याहून अवघड. पाणी गडद असलं की प्रकाश आत शिरत नाही, आणि उन्हात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के.

असा व्हिडिओ पुन्हा दिसला तर गाळणकागद दाखवायला सांगा. त्यावरची पूड निळी असेल, तर रंग तुटलेला नाही, पुडीवर जाऊन बसलाय.