मीस यांच्यासारखं साधं घर हवंय? मग फरशी आधी ठरवा

आमच्याकडे घराचं इंटिरियर करून घ्यायला येणारे बरेच ग्राहक मोबाइलवर फार्न्सवर्थ हाउसचा फोटो दाखवतात. वास्तुरचनाकार लुडविग मीस व्हॅन डर रोह यांनी अमेरिकेत इलिनॉयमध्ये, फॉक्स नदीच्या काठी बांधलेलं काचेचं घर. १९५१ साली पूर्ण झालं. फोटोपाठोपाठ प्रश्नही ठरलेला: "यात काहीच नाहीये, मग कोटेशन एवढं कसं?"

त्या घराची ट्रॅव्हर्टाइनची (एक प्रकारचा चुनखडी दगड) फरशी बघा. एक फरशी २४ बाय ३३ इंच. दोन खांबांमधलं अंतर २२ फूट, म्हणजे लांबीने बरोबर आठ फरश्या. कुठे अर्धी फरशी घुसवलेली नाही. मीस हे जर्मनीतल्या आखेन गावच्या दगडकाम करणाऱ्याचा मुलगा. दगड आधी, माप मागून, ही त्यांची रीत. १९२९ च्या बार्सिलोना पॅव्हेलियनमध्ये (प्रदर्शनासाठीची त्यांची इमारत) ऑनिक्स या दगडाचा जो ठोकळा मिळाला, त्याच्या दुप्पट उंची त्यांनी छताला दिली. आम्हाला त्यांच्या सगळ्या कामात हे सर्वांत मोलाचं वाटतं.

आता नेहमीची अडचण. दोन बाय चार फुटांच्या फरशीवर लेआउट पक्का होतो, आणि मग सेलमध्ये ८०० बाय १६०० मिलिमीटरची फरशी घेतली जाते. "रंग तोच आहे" म्हणून. रंग तोच असतो, पण सांधे सरकतात. दाराची चौकट, कपाटाची कड, स्विचबोर्ड, काहीच सांध्याला येत नाही आणि भिंतीलगत तीन बोटांची पट्टी उरते. एरवी स्कर्टिंग आणि सोफा ते झाकतात. साध्या घरात झाकायला काही नसतं. मग झिऱ्या (वायरसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा) पुन्हा मारा, गवंडी थांबवा, सुताराची तारीख पुढे ढकला.

म्हणून फरशीचं माप ठरल्याशिवाय आम्ही एकही इलेक्ट्रिक पॉइंट काढत नाही. लेआउटचे वेगळे पैसे घेतो, कारण खरं काम तिथेच होतं; काम आम्हाला दिलंत तर ती रक्कम बिलातून वजा करतो. फरशी आमच्याकडूनच घ्या, असा आग्रह नाही.

काचेबद्दल एवढंच: फार्न्सवर्थ हाउसची एकेरी काच उन्हाळ्यात घर तापवते. पश्चिमेच्या खिडकीला आम्ही दुहेरी काच आणि बाहेरून सावली सुचवतो.

भेटीला येताना घराचा प्लॅन आणि आवडलेल्या फरशीचं सँपल आणा. पहिल्या भेटीचे पैसे नाहीत.