बर्फ पुस्तकात, तूप घरात

फेब्रुवारी संपता संपता नाहीतर मार्चात दुपारीच आभाळ काळं होतं, शाळेच्या टिनावर तडतड सुरू होते आणि अख्खा वर्ग ओट्यावर धावतो. कोणाच्या हातात वाटी, कोणाच्या डोक्यावर पाटी. पाच मिनिटांत गारा थांबतात. मग मोजणी. "माह्या सतरा हायेत," असं म्हणेपर्यंत सतराच्या नऊ होतात, आणि घंटा व्हायच्या आत वाटीत घोटभर गढूळ पाणी उरतं. विदर्भातल्या खेड्यात फुकट येणारा बर्फ तो एवढाच. पण त्याच दिवशी त्याच पोरांचे बाप झोपलेला गहू आणि झडलेला संत्र्याचा बहार बघत बांधावर उभे असतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनंतर "गारा वेचून आणा, प्रयोग करू" म्हणायला माझी जीभ रेटली नव्हती.

स्थायूचा द्रव होतो, त्याला वितळणं म्हणतात. हा धडा प्राथमिक शाळेत येतो आणि त्याचं पहिलं उदाहरण ठरलेलं असतं : बर्फ. मी वर्धा जिल्ह्यात शिकवायला लागलो तेव्हा गावात एक फ्रीज होता, तोही बहुतेक वेळ बंद. मग बर्फच का, असा प्रश्न मला पडायचा. त्याचं उत्तर शोधत गेलं की बरंच मागे जावं लागतं.

वितळण्याचं शास्त्र थंड मुलखात घडलं. १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लासगोत जोसेफ ब्लॅक या प्राध्यापकाने एकसारखी दोन काचपात्रं एका खोलीत टांगली. एकात बर्फाइतकंच गार पाणी, दुसऱ्यात बर्फ. पाणी अर्ध्या तासात जेवढं तापलं, तेवढ्यावर यायला बर्फाच्या पात्राला साडेदहा तास लागले. खोलीतली उष्णता तर दोघांनाही सारखीच मिळत होती. मग बर्फाने घेतलेली उष्णता गेली कुठे? ती वितळण्यात खर्ची पडली, तापमापीला दिसलीच नाही. आपल्या पुस्तकात तिला आता अप्रकट उष्मा म्हणतात, माझ्या वेळी सुप्त उष्णता म्हणत. शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला सुमारे ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेत तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. ब्लॅकच्या गावात हिवाळ्यात बर्फ खिडकीबाहेर मिळत होता, म्हणून त्याने बर्फ घेतला. पुढे पाठ्यपुस्तकं एकावरून एक होत गेली आणि उदाहरण तसंच चालत आलं.

वितळायला एवढी उष्णता लागते याचा फायदा व्यापाऱ्यांनी घेतला. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडरचं 'टस्कनी' हे जहाज बोस्टनहून १८० टन बर्फ घेऊन निघालं, विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी कलकत्त्याला लागलं, तेव्हा त्यातला शंभरेक टन बर्फ शिल्लक होता. लवकरच मुंबईतही अमेरिकेचा बर्फ उतरू लागला. पण आमच्या लहानपणी खेड्यापर्यंत पोचायचा तो कारखान्याचा बर्फ : गोणपाटात लाकडाच्या भुश्यात गुंडाळलेली लादी, लग्नाच्या सरबतासाठी तालुक्याहून आणलेली. भुसा कशाला, तर म्हणे "बर्फाले थंडी लागू नये म्हणून." सांगणारा माणूस गंमत करत होता की खरंच तसं समजत होता, हे मला आजही ठरवता येत नाही. पण घोंगडी आणि भुसा दोघंही उष्णतेची वाट अडवतात, या अर्थाने तो फारसा चुकला नव्हता.

बर्फाचं एवढं. पण बर्फ यायच्या कितीतरी आधीपासून या मुलखात वस्तू वितळत होत्या. नागपूर जिल्ह्यात पारशिवनी तालुक्यात पेंच नदीच्या काठी नायकुंड हे गाव आहे. तिथल्या महापाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, इ.स.पूर्व ७०० च्या सुमाराची. मुलांना हे सांगितलं की ती लगेच म्हणतात, तेव्हा लोखंड वितळवत होते! इथेच थांबायला हवं. लोखंड वितळतं १५३८ अंशांना. मातीची भट्टी, कोळसा आणि हाताने चालवायचा भाता, यांत हजार-बाराशे अंशांच्या फार पुढे जाता येत नव्हतं. त्या भट्टीत वितळून वाहायचा तो मळ, म्हणजे धातुमळी. लोखंड आत स्पंजासारखा गोळा होऊन बसायचं आणि लोहार ते तापवून, ठोकून उरलेला मळ काढायचा. म्हणजे कचरा पातळ झाला आणि माल घट्टच राहिला. प्रत्येक पदार्थाचा द्रवणांक (वितळायचं तापमान) वेगळा, हे वाक्य पाठ करून घेण्यापेक्षा ही भट्टी समजावणं मला जास्त उपयोगी वाटत आलं आहे.

दुसरं उदाहरण कल्हईवाल्याचं. आता तो क्वचितच दिसतो. पितळी भांड्यांसाठी भंडाऱ्याचं नाव जुनं, आणि पितळ-तांब्याचं भांडं आलं की कल्हई आलीच. पाराखाली खड्डा करून तो भाता जोडायचा, निखारे फुलवायचा आणि गंज, म्हणजे पातेलं, उलटसुलट तापवायचा. चिमूटभर नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा, खोकला यायचा, आम्ही मागे सरायचो आणि परत पुढे यायचो. मग तो कथलाची कांडी तापलेल्या तळाला नुसती टेकवायचा. टोकाला थेंब धरायचा, घरंगळायचा, आणि कापसाच्या बोळ्याने फिरवला की काळपट तळ चांदीसारखा उजळत जायचा. शेवटी भांडं पाण्यात, चर्रर्र. कथील वितळतं २३२ अंशांना, तांबं १०८५ ला, पितळ साधारण ९०० च्या पुढे. म्हणून एकाच आचेवर कांडी पाणी होते आणि गंजाला काही होत नाही. स्थायू, द्रव, पुन्हा स्थायू, हा सगळा प्रवास दोन मिनिटांत डोळ्यांसमोर, आणि तोही अशा पोरांपुढे ज्यांना शाळेत तो धडा कळला नव्हता. त्या पोरांत मीही होतो.

धडा कळायचा नाही याचं एक कारण उदाहरणात होतं, दुसरं भाषेत. माझ्या मते दुसरं मोठं. मराठीत या एका घटनेभोवती शब्दांची अख्खी भावकी आहे. लोणी कढवतात, तूप पाघळतं, मेण वितळतं, साखर विरघळते. उलट जातानाही तसंच : पाणी गोठतं, तूप थिजतं, रक्त साकळतं. घरात हे शब्द कोणी चुकवत नाही. "पाणी थिजलं" असं तीन वर्षांचं पोरही म्हणणार नाही. पण वितळणं आणि विरघळणं यांची सीमारेषा बोलण्यात पुसट आहे. वर्गात पेल्यात मीठ टाकून ढवळलं आणि शेजारी बर्फ ठेवला, तर उत्तर येतं, "सर, मीठ इरघळलं अन् बर्फ बी इरघळला." डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं : होतं ते नाहीसं झालं, पाणी उरलं. फरक सांगायला दुसरा प्रश्न विचारावा लागतो. पाणी नसतं तर? बर्फ तरीही वितळला असता, त्याला फक्त ऊब हवी. मिठाला मात्र पाणी लागतं. कोरडं मीठ वितळवायचं तर ८०१ अंश हवेत, चुलीच्या आवाक्याबाहेरचे.

होळीच्या गाठ्यांवरून माझी एकदा चांगलीच फजिती झाली. साखर वितळवून साच्यात ओततात, असं मी बिनधास्त फळ्यावर लिहिलं. एका मुलीची आई गाठ्या करायची. ती मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, आई पयले पाणी टाकते." बरोबर होतं तिचं. गाठी पाकाची असते : साखर पाण्यात विरघळते, आटते आणि साच्यात पुन्हा घट्ट होते. कोरडी साखर तव्यावर टाकली तर ती पातळ होते खरी, पण लगेच तांबूस होऊन करपायला लागते. मी फळा पुसला.

त्यात पुस्तकी शब्दांची भर. विदर्भ मध्य प्रांतात, पुढे मध्य प्रदेशात होता तेव्हा, चाळीस-पन्नासच्या दशकांत भाषापंडित डॉ. रघुवीरांनी नागपुरात बसून संस्कृत धातूंवरून हजारो शास्त्रीय शब्द घडवले. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, १९६७ मध्ये पुण्यात बालभारती स्थापन झाली आणि एकच पुस्तक गोंदियापासून सिंधुदुर्गापर्यंत गेलं. आम्ही 'घन' शिकलो, आमची मुलं 'स्थायू' शिकली. द्रवणांक, उत्कलनांक हे शब्द वाईट नाहीत, फोड करून दिली तर उलगडतात. पण 'पाघळणं' वर्गाबाहेर ठेवून 'द्रवण' आत घेतलं की मुलाला वाटतं ही दुसरीच काहीतरी भानगड आहे. सत्तरच्या दशकात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरात काम केलं, तेव्हा विज्ञानाच्या पुस्तकातली भाषाच सोपी करून पाहिली होती.

करून शिकण्याची गोष्ट तर आमच्या अंगणातली. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद बोलावली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीम उभी राहिली : हस्तोद्योगातून, शेतीतून, स्वयंपाकघरातून शिक्षण. त्याच वर्ध्यात मगनवाडीला १९३४ पासून ग्रामोद्योग संघ तेलघाणी, गूळ, मधमाश्या यांवर काम करत होता. म्हणजे तेल, गूळ, मेण, सगळं सामान हाताशी. पण सरकारी शाळांत नई तालीम सूत कातायच्या टकळीपुरती उरली आणि मग टकळीही गेली. सेवाग्रामची शाळाही मध्ये बंद पडली होती, २००५ मध्ये आनंद निकेतन म्हणून पुन्हा सुरू झाली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये दहावीपर्यंत विज्ञान सर्वांना सक्तीचं करा म्हटलं, ते झालं. खेड्यात तापमापी मात्र कपाटातच राहिली, कारण फुटली तर भरपाई कोणी करायची? सातपुड्याच्या पलीकडे होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून निराळा कार्यक्रम सुरू झाला, मुलांनी प्रयोग करायचे आणि निष्कर्षही स्वतः काढायचे. तो २००२ मध्ये शासनाने बंद केला. तिथल्या पुस्तिका हातोहात आमच्याकडेही यायच्या.

मी स्वतः वर्गात बर्फ शेवटी ठेवायला लागलो. सुरुवात डिसेंबरात, खोबरेल तेलाच्या बाटलीपासून. ते चोविसेक अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे विदर्भाच्या थंडीत सकाळी घट्ट आणि दुपारी उन्हात पातळ, जाळ न लावता. बाटलीवर पेनाने खूण करायची आणि सकाळ-दुपार तराजूत टाकायची. वजन तेच. यावर मुलं भांडतात. पातळ झालं म्हणजे हलकं झालं, ही समजूत सहज जात नाही. मग तूप. वितळलेल्या तुपात थिजलेल्या तुपाचा खडा टाकला तर तो बुडतो आणि पाण्यात बर्फ तरंगतो. यातला विचित्र कोण? मुलं तुपाला विचित्र म्हणतात. मेणाचा खडा वितळलेल्या मेणात टाकून दाखवला, तोही बुडाला, की हळूहळू लक्षात येतं की चाकोरी सोडून वागणारं पाणीच आहे.

एप्रिल लागला की पुस्तकात नसलेलं एक प्रकरण सुरू होतं. पारा ४५ कडे निघतो आणि खिडकीत ठेवलेली मेणबत्ती कमरेत वाकते. वितळत नाही, नुसती वाकते. मेण वितळायला ५०-६० अंश लागतात, त्याआधी ते मऊ पडतं. बसथांब्याजवळच्या रस्त्यावर चप्पल चिकटते. "सर, रोड पघळला." डांबराला बर्फासारखा ठरलेला आकडा नाही, ते हळूहळू मऊ होत जातं. पळसावरची लाखही तशीच, आणि काचही. स्थायू की द्रव, अशा दोनच रकान्यांत मुलं हे कुठे लिहिणार? एका वर्षी मी वहीत तिसरा रकाना आखायला सांगितला. नाव काय द्यायचं यावर बराच वेळ गोंधळ चालला. शेवटी मागच्या बाकावरच्या एकाने सुचवलेलं नाव सगळ्यांना पटलं, आणि वर्षभर तो रकाना 'लिबलिबीत' याच नावाने भरत राहिला.