युद्धकालीन पाणबुडीची वस्तू हाती आली? ब्रिटनमधली नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रे

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कुणा मराठी माणसाला डायव्हिंगचा नाद असेल, किंवा जुन्या बाजारात महायुद्धातल्या पाणबुडीचा पितळी दाबमापक दिसला असेल, तर पैसे मोजण्याआधी एक प्रश्न विचारा: ही वस्तू बुडालेल्या पाणबुडीतून आली आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर मर्चंट शिपिंग अ‍ॅक्ट १९९५ नुसार ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या सरकारी अधिकाऱ्याकडे तिची नोंद व्हायलाच हवी.

नोंद कोणी, कधी करायची?

वस्तू ज्याला सापडली किंवा ज्याने ती ताब्यात घेतली, त्याने २८ दिवसांच्या आत. नागरिकत्वाची अट नाही. वस्तू परदेशी समुद्रातून काढून ब्रिटनमध्ये आणली असेल, तरी हाच नियम. नोंद टाळल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड होतो, वस्तू वाचवून आणल्याबद्दलच्या बक्षिसावरचा हक्क जातो आणि मूळ मालकाकडे वस्तूच्या दुप्पट किंमत तुम्हाला भरावी लागू शकते. म्हणून विकत घेताना विक्रेत्याकडून जुन्या नोंदीचा क्रमांक लेखी मागून घ्या. तो देता येत नसेल, तर सौदा सोडून द्या.

अर्जात काय लागते?

अर्ज ऑनलाइन भरता येतो. तुमचे नाव-पत्ता, वस्तू सापडल्याची तारीख, अक्षांश-रेखांश, खोली, जहाजाची ओळख (माहीत असल्यास) आणि वस्तू सध्या कुठे ठेवली आहे, हे लिहायचे. सोबत मोजमापे आणि फोटो. फोटोत मोजपट्टी ठेवा. अनुक्रमांक, कारखान्याचा शिक्का, जर्मन अक्षरे जवळून टिपा, कारण मालक शोधायला तेच उपयोगी पडते. घासूनपुसून चकचकीत करू नका. लाकूड-चामडे वाळू देऊ नका. दारूगोळ्यासारखे काही दिसले, तर हात न लावता तटरक्षक दलाला कळवा.

मालकाला दावा करायला एक वर्ष मिळते. तोवर वस्तू बहुधा तुमच्याकडेच राहते, पण ती विकता येत नाही. कुणी पुढे आले नाही, तर ब्रिटिश सागरी हद्दीतली वस्तू राजसत्तेची होते. मग ती संग्रहालयात जाते किंवा बक्षिसाऐवजी तुम्हालाच मिळते. युद्धनौकांची गोष्ट मात्र वेगळी. कितीही वर्षे उलटली, तरी ज्या देशाची पाणबुडी, त्याचा हक्क आपोआप संपत नाही.

जिथे हात लावायचाच नाही

प्रोटेक्शन ऑफ मिलिटरी रिमेन्स अ‍ॅक्ट १९८६ (सैनिकी अवशेषांच्या संरक्षणाचा कायदा) खाली दोन प्रकार आहेत. ‘संरक्षित’ जहाजाजवळ जाऊन पाहता येते, काही उचलता येत नाही. ‘नियंत्रित’ जागी संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय डायव्हिंगही चालत नाही. जर्मन पाणबुडी यूबी-८१ आणि प्लिमथजवळची ब्रिटिश पाणबुडी ए-७ अशा नियंत्रित जागी आहेत. ए-७ मध्ये १९१४ साली ११ जण गेले. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ बुडालेली आपली ‘खुकरी’ युद्धनौका ज्याला आठवते, त्याला हा कायदा इतका कडक का, हे समजावून सांगावे लागणार नाही.

माझ्या मते नव्या संग्राहकाने समुद्रात न गेलेल्याच वस्तूंपासून सुरुवात करावी: खलाशाच्या टोपीची ‘एच. एम. सबमरीन्स’ लिहिलेली फीत, पत्रे, सेवापुस्तिका. मात्र ब्रिटिश पाणबुडी दलाचा डॉल्फिनचा बिल्ला ‘दुसऱ्या महायुद्धातला’ म्हणून कुणी दाखवला, तर घेऊ नका. तो बिल्ला १९७० च्या दशकात सुरू झाला.

भारतात आणायची असल्यास

वस्तू ५० वर्षांहून जुनी असेल, तर निर्यात परवान्याबद्दल आर्ट्स कौन्सिल इंग्लंडला आधी विचारा. ब्रिटिश समुद्रतळावरून काढलेल्या जुन्या वस्तूंना, किंमत कमी असली तरी, परवान्यातून सवलत मिळत नाही. घड्याळ-मापकांच्या अंधारात चमकणाऱ्या जुन्या तबकड्यांत रेडियम असू शकते. अशी वस्तू उघडू नका, आणि विमानात नेण्याआधी विमान कंपनीची लेखी परवानगी घ्या.