सिमेंट जास्त, तर सांधा पक्का?

रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींचे प्लास्टिक किट सिमेंटने (म्हणजे किटचे भाग चिकटवणाऱ्या द्रव्याने) जोडताना ‘सिमेंट जितके जास्त, तितका सांधा पक्का’ असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. डिंकाच्या सवयीमुळे हा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु हे सिमेंट मुख्यतः द्रावक असते (ट्यूबमधले घट्ट असले तरी तत्त्व तेच). ते पॉलिस्टायरीनचे (किटच्या प्लास्टिकचे) दोन्ही पृष्ठभाग विरघळवते, मऊ झालेले प्लास्टिक एकमेकांत मिसळते आणि द्रावक उडून गेल्यावर सांधा एकसंध होतो. जादा द्रावक आत अडकून प्लास्टिक बराच काळ मऊ ठेवते, शिवाय रिव्हेटसारखे बारीक तपशील पुसून टाकते. पडताळण्यासाठी टाकाऊ स्प्रूचे (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचे) तुकडे कमीजास्त सिमेंटने जोडून दुसऱ्या दिवशी वाकवून पाहावेत. रेझिन, धातूचे भाग किंवा पॉलिथिनच्या मऊ सैनिकाकृती मात्र या सिमेंटने, कितीही ओतले तरी, जुळत नाहीत.