पेव

पेव : (पेंव). जमिनीत खोल खणून, आतून लिंपून व तोंड बंद करून धान्य किंवा सुकवलेला शेतमाल दीर्घकाळ ठेवण्यासाठी केलेले कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल इतके अरुंद आणि पोट रुंद, असा त्याचा घाट पुरलेल्या रांजणासारखा असतो. महाराष्ट्रात ज्वारी व इतर धान्यासाठी पेवे अनेक ठिकाणी होती. हळदीसाठी त्यांचा व्यापारी प्रमाणावर वापर मात्र प्रामुख्याने सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर आणि कृष्णेपलीकडील सांगलीवाडी या गावांत झाला. शीतगृहे, गोदाम पावत्या आणि दूरच्या बाजारांचे भाव क्षणात पोहोचवणारी साधने आल्यावर ही पद्धत जवळजवळ संपली. या नोंदीत धान्याच्या पेवांचा विचार हळदीच्या पेवांच्या अनुषंगाने केला आहे.

शब्द व व्युत्पत्ती : मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘पेंव’ हा शब्द भूमिगत धान्यकोठार या अर्थाने आला आहे. तेथे हळदीशी त्याचा खास संबंध नाही, ही गोष्ट पुढील कालनिर्णयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. शब्दाच्या उगमाबद्दल एकमत नाही. संस्कृत ‘पा’ (राखणे) या धातूशी त्याचा संबंध जोडता येतो, पण मधल्या रूपांची साखळी दाखवता येत नसल्याने तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. कन्नडमध्ये जमिनीखालच्या कोठाराला ‘हगेवु’ म्हणतात. जुन्या कन्नडमधील शब्दारंभीच्या ‘प’चा पुढे ‘ह’ झाला. पालु (दूध) – हालु, पुलि (वाघ) – हुलि, पळ्ळि (गाव) – हळ्ळि ही त्याची नेहमीची उदाहरणे. त्यानुसार ‘हगेवु’चे आधीचे रूप ‘पगेवु’ असे धरले आणि मधल्या ‘ग’चा लोप मानला, तर ‘पेव’पर्यंत सहज पोहोचता येते. हे खरे असेल तर हा शब्द मराठीत ‘प’चा ‘ह’ होण्यापूर्वी, म्हणजे बहुधा यादवकाळात किंवा त्याआधी आला असावा. ‘पेंव’मधील अनुस्वाराचा उलगडा या व्युत्पत्तीने होत नाही. तरीही मिरज-सांगलीच्या पट्ट्यात दोन्ही भाषांचा शेजार पिढ्यान्‌पिढ्यांचा असल्यामुळे ती अधिक ग्राह्य वाटते.

‘पेव फुटणे’ या वाक्प्रचाराचीही दोन स्पष्टीकरणे देतात. एका मते बंद पेवाचे तोंड उघडल्यावर धान्याची रास बाहेर येते, त्यावरून तो आला. दुसऱ्या मते बिघडलेल्या पेवातून किडे-मुंग्या लोंढ्याने बाहेर पडतात, त्यावरून. आज हा वाक्प्रचार बहुधा नापसंतीच्या सुरात येतो, म्हणून दुसरे मत अधिक जवळचे वाटते. (मोबाइल दुकानांचे, शिकवणी वर्गांचे, अ‍ॅपचे पेव फुटल्याचे वर्तमानपत्रांत नित्य छापून येते. लिहिणाऱ्याने पेव पाहिलेले असतेच असे नाही.)

प्राचीनता व प्रसार : जमिनीत खड्डे करून धान्य ठेवण्याची रीत दख्खनमध्ये फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीत असे लिंपलेले खड्डे आढळले. उत्तर भारतात त्यांना ‘खत्ती’ म्हणत, आणि हापुडच्या खत्त्या गव्हाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होत्या. सुदान व मोरोक्कोतील ‘मतमूरा’, माल्टा बेटावरील फ्लोरियाना येथील दगडी झाकणांची कोठारे, चीनमध्ये लुओयांग येथील सुइ-तांग काळातील हानजिया कोठार ही याच कुळातील. या सर्व ठिकाणी पाणी खोल असलेली, न झिरपणारी जमीन निवडलेली दिसते.

हरिपूरची पेवे केव्हापासूनची, हा वादाचा विषय आहे. स्थानिक समजुतीप्रमाणे ती पटवर्धनकाळातील, म्हणजे १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेबांनी सांगलीला स्वतंत्र गादी स्थापन केल्यानंतरची होत. धान्याच्या पेवांपुरते हे मान्य करायला अडचण नाही. किंबहुना ती त्याहूनही जुनी असतील. हळदीची पेवे मात्र इतकी मागे नेणे धाडसाचे होईल. एका हंगामातला माल दुसऱ्या हंगामापर्यंत किंवा त्याहून अधिक काळ दाबून ठेवणे परवडते ते लांबच्या मागणीवर भिस्त असेल तेव्हाच. मिरजेला रेल्वे आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे हळदीच्या पेवांची भरभराट त्यानंतरची, साधारण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली धरणे सयुक्तिक ठरते. पुढे सांगलीत हळदीचे वायदे (पुढच्या तारखेला द्यायच्या मालाचे आजच भाव ठरवून केलेले सौदे) चालू लागले आणि त्यासाठी स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज ही संस्था होती. वायद्याच्या बाजाराला माल महिनोन्‌महिने हाताशी लागतो, आणि तो या पेवांत असे.

रचना : नदीकाठच्या गाळाच्या घट्ट, चिवट मातीत पेव खणत. खोली साधारण २० ते ३० फूट. तोंड दोन-अडीच फुटांचे ठेवून खाली पोट रुंदावत नेत. भिंती शेणमातीने सारवून वाळवत. तळाला आणि कडेने उसाचे पाचट, कडबा किंवा चटया लावून माल मातीला टेकणार नाही अशी तजवीज करत. सरासरी १२ फूट व्यास व २० फूट उंचीच्या पोटाचे घनफळ सुमारे ६० घनमीटर भरते, म्हणजे हळकुंडांचा सैलपणा धरूनही एका पेवात वीस टनांच्या आसपास माल मावायला हरकत नाही. माल भरल्यावर वरून पुन्हा पाचट, त्यावर फरशी आणि फरशीवर माती, अशी तोंडबंदी होई.

कार्यतत्त्व : पेवात माल का टिकतो, याचे प्रचलित स्पष्टीकरण असे : आतला माल श्वसन करतो, बंद जागेतील ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि कीड गुदमरून मरते. धान्याबाबत हे बरोबर आहे. इंग्लंडमध्ये बटसर येथे पीटर रेनॉल्ड्स यांनी लोहयुगीन पद्धतीच्या खड्ड्यांत धान्य ठेवून प्रयोग केले. त्यांत भिंतीलगतच्या ओलसर थरातले दाणे अंकुरताना ऑक्सिजन वापरतात आणि उरलेली रास सुप्तावस्थेत सुखरूप राहते, असे दिसले. हेच स्पष्टीकरण हळदीला जसेच्या तसे लावण्याची चूक मात्र वारंवार होते. धान्याचा दाणा जिवंत असतो. हळद काढणीनंतर काहिलीत, आणि अलीकडे वाफेच्या कुकरमध्ये, शिजवतात, मग उन्हात वाळवून ड्रममध्ये घासून तिला झिलई देतात. शिजलेले हळकुंड श्वसन करत नाही. तेव्हा हळदीच्या पेवातला ऑक्सिजन खाणारे घटक वेगळे असले पाहिजेत : किंचित ओल धरलेले पाचट व कडबा, त्यावरील बुरशी, भोवतालच्या मातीतले सूक्ष्मजीव आणि खुद्द मालात आलेली कीड. या दृष्टीने अस्तराचे पाचट केवळ ओल अडवण्यापुरते नसून वायुबदलातही त्याचा वाटा असावा. हळदीची मुख्य शत्रू असलेली सिगारेट भुंगेरा ही कीड अशा हवेत तग धरत नाही. त्यात काही मीटर खाली तापमान वर्षभर जवळपास सारखे राहते आणि प्रकाश अजिबात नसतो. हळदीचा पिवळेपणा ज्यामुळे येतो त्या कुर्क्युमिनला प्रकाश मारक असल्याने पेवातल्या हळदीचा रंग राहतो, हे व्यापाऱ्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. पेवातला माल वजनाला किंचित भरतो असेही ते सांगत. तसे होत असल्यास ते मातीतून घेतलेल्या ओलीमुळे होत असणार, आणि मग तो गुण मानायचा की दोष हे विकणारा आणि घेणारा यांवर अवलंबून.

बंद पेवात साठलेला हाच कार्बन डायऑक्साइड माणसाच्या जिवावर उठतो. पेव उघडल्यावर कित्येक तास तोंड मोकळे ठेवत, मग दोरीने पेटता कंदील खाली सोडत. कंदील विझला तर कोणी उतरत नसे. तरीही गुदमरून मृत्यू घडत. पेवात उतरून माल भरणे-काढणे हे सराईत हमालांचेच काम होते.

व्यवहार : हळदीची काढणी जानेवारीच्या सुमारास सुरू होते. सांगली बाजारात सांगली-साताऱ्याखेरीज सीमेपलीकडील कर्नाटकातली हळदही येते. सौद्यात घेतलेला माल उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, पेवात जाई. पेवाचे भाडे ठरलेले असे आणि व्यवहार बहुतांशी तोंडी विश्वासावर चाले. पेव भरले की तोंड उघडेपर्यंत आतला माल कोणाला दिसत नसे, आणि एकदा उघडले की सगळे रिकामे करावे लागे, कारण आत गेलेली हवा पुन्हा बाहेर काढता येत नाही.

ऱ्हास : पेवे २००५ च्या महापुराने संपवली, असे सर्वसाधारणपणे लिहिले जाते. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी हरिपुरात व सांगलीवाडीत शिरून बहुसंख्य पेवे निकामी झाली आणि आतला माल वाया गेला, हे खरे. पाणी मुरलेल्या भिंती नंतर ढासळल्या. २०१९ मध्ये सांगलीतील कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी गाठली, तेव्हा उरल्यासुरल्या पेवांचाही भरवसा राहिला नाही. पण कृष्णेला मोठे पूर त्याआधीही आले होते, आणि पेवे त्यानंतर पुन्हा लिंपून वापरात आली होती. या वेळी ती दुरुस्त करण्यात कोणाला फारसे हित उरले नव्हते, ही बाब अधिक महत्त्वाची मानली पाहिजे.

पूर्वी निजामाबाद (तेलंगण) किंवा इरोड (तमिळनाडू) या हळदीच्या बाजारांचा भाव पत्राने, तारेने वा ट्रंक कॉलने येई. तो येईपर्यंत पेव बंद असले तरी बिघडत नसे. मोबाइल आल्यावर तो भाव अडत्याइतकाच शेतकऱ्याच्याही खिशात आला, आणि भाव चढला की त्याच दिवशी पन्नास पोती काढून विकण्याची सोय हवीशी झाली. पेवातून पन्नास पोती काढता येत नाहीत. शीतगृहात येतात : तेथे पोती लॉटवार रचलेली असतात, नमुना हवा तेव्हा काढता येतो, भाडे पोत्यामागे महिन्यावर आकारतात. २००३ मध्ये सुरू झालेल्या एनसीडीईएक्स या बाजारमंचावर हळदीचे वायदे निजामाबाद हे मूळ केंद्र धरून होऊ लागले. तेथे माल ठरावीक प्रतीचा, तपासलेला आणि मान्यताप्राप्त गोदामातला लागतो. गोदाम (विकास व नियमन) अधिनियम २००७ मध्ये झाला, २०१० पासून अमलात आला आणि २०१७ पासून गोदाम पावत्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघू लागल्या. या पावतीवर बँक कर्ज देते. फरशीखाली पुरलेला, तपासता न येणारा माल तारण ठेवायला ती तयार होत नाही. टिकवणुकीच्या बाबतीत शीतगृह पेवापेक्षा फार सरस आहे असे म्हणता येणार नाही, आणि त्याला विजेचे बिल लागते. पण माल तुकड्यातुकड्याने विकता येणे आणि त्याच्यावर कर्ज मिळणे या दोन गोष्टी पेवाला कधीच जमल्या नाहीत. साध्या गोदामात कीड मारण्यासाठी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची धुरी द्यावी लागते. पेवाला अशा औषधाची गरज नव्हती.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तोवर पेवांचा वापर नाममात्र उरला होता. कसबे डिग्रज येथील हळद संशोधन केंद्राचे काम मुख्यतः वाण व लागवडीवर आहे.

अन्यत्र : पेवाचे तत्त्व मात्र जगात नव्या सामग्रीतून परत आले आहे. अर्जेंटिनात दुसऱ्या महायुद्धात निर्यात अडकली तेव्हा भूमिगत हवाबंद कोठारे बांधली होती. आता तेथे शेतातच आडव्या पसरलेल्या लांबच लांब प्लॅस्टिकच्या नळ्यांत धान्य भरतात. पश्चिम आफ्रिकेत चवळी भुंगेऱ्यांपासून वाचवण्यासाठी पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये तिहेरी पिशवीवर काम सुरू केले. आत पॉलिथिनचे दोन थर, बाहेर विणलेले पोते, आणि प्रत्येक थराचे तोंड वेगळे आवळलेले. कीड आतच ऑक्सिजन संपवते आणि स्वतः मरते. ही पिशवी ५० किंवा १०० किलोंची असते, त्यामुळे नायजरमधली शेतकरी बाई भाव पाहून एकच पिशवी सोडते आणि बाकीच्या बांधलेल्याच राहतात.