लपवलेलं लग्न आणि लपून केलेलं लग्न

‘ब्रॅडनची ती कादंबरी, पहिला नवरा जिवंत असताना बाई दुसरं लग्न करते ती’ असं कुणी म्हणालं की विचारावंच लागतं, कुठली? इंग्रज कादंबरीकार मेरी एलिझाबेथ ब्रॅडनने एकाच सुमाराला अशा दोन लिहिल्या, आणि भल्याभल्यांच्या डोक्यात त्यांची सरमिसळ होते.

व्हायला कारणंही आहेत. ‘ऑरोरा फ्लॉइड’ जानेवारी १८६२पासून ‘टेंपल बार’ मासिकात क्रमशः येत होती, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘लेडी ऑडलीज सीक्रेट’ तीन खंडांत बाजारात आली. पुढच्या वर्षी ऑरोराचंही पुस्तक निघालं. दोन्हींचा प्रकाशक टिन्सली ब्रदर्स. एकीत जॉर्ज टॅलबॉइज, दुसरीत टॅलबट बलस्ट्रोड. एकीची नायिका ल्यूसी, तर दुसरीत नायिकेच्या चुलत बहिणीचं नाव ल्यूसी! शिवाय दोन्हींत पेपरात छापून आलेली मृत्यूची बातमी खोटी निघते. (रहस्यं फोडतोय, पण दीडशे वर्षं उलटून गेली आहेत, तेवढी सूट असावी.)

आता फरक. लेडी ऑडलीचं पहिलं लग्न मुळात चोरून झालेलंच नव्हतं. अर्ध्या पगारावरच्या दारुड्या नौदल अधिकाऱ्याची ही मुलगी हेलन, घोडदळातल्या जॉर्जशी उघडपणे लग्न करते. खालच्या घरातली सून म्हणून जॉर्जचा बाप त्याला वारशातून बेदखल करतो, पैसे संपतात आणि जॉर्ज एक चिठ्ठी ठेवून सोनं शोधायला ऑस्ट्रेलियाला निघून जातो. हेलन मूल बापाकडे टाकते, ‘ल्यूसी ग्रॅहम’ होते, एसेक्समधल्या एका डॉक्टरच्या घरी मुलांची शिक्षिका म्हणून लागते आणि गावच्या छप्पन्न वर्षांच्या सर मायकेल ऑडलीची बायको होते. म्हणजे आधी झालेलं लग्न ती नंतर पुसून टाकते. जॉर्ज परत येतोय असं कळल्यावर क्षयाने मरणारी एक मुलगी व्हेंटनरला नेऊन ‘हेलन टॅलबॉइज’ या नावाने पुरली जाते आणि ‘टाइम्स’मध्ये निधनाची बातमी येते. ही बातमी तिनेच घडवलेली.

ही पुसापुशी उघडकीला येते ती एका टोपीच्या खोक्यावर. सर मायकेलचा पुतण्या आणि जॉर्जचा मित्र रॉबर्ट ऑडली ती पूर्वी शिकवत असलेल्या शाळेत पोचतो, तिथे तिचं खोकं पडलेलं असतं. वरची चिठ्ठी मिस ग्रॅहमच्या नावाची. तो ती ओली करून अलगद सोडवतो, तर खाली दुसरी, मिसेस जॉर्ज टॅलबॉइजच्या नावाची.

ऑरोराचं सगळं उलट. ती केंटमधल्या बड्या बँकरची एकुलती एक लेक, आई मात्र नटी. पॅरिसच्या शाळेतून पळून जाऊन तिने बापाच्याच पदरी असलेल्या मोतद्दाराशी, जेम्स कॉनयर्सशी, लग्न केलेलं असतं. हे मात्र खरोखर लपून केलेलं. पुढे तो घोड्यांच्या शर्यतीत मेल्याचं ती पेपरात वाचते, खरं मानते आणि यॉर्कशायरचा जमीनदार जॉन मेलिश याच्याशी लग्न करते. बातमीत तिचा काडीचा हात नाही.

इथून पुढे ब्रॅडनने जो पेच टाकलाय तो मला सगळ्यात जबर वाटतो. जॉन शर्यतीच्या घोड्यांसाठी एक प्रशिक्षक नेमतो, आणि तो नेमका कॉनयर्स निघतो. मालकिणीचा कायदेशीर नवरा फाटकाशेजारच्या घरात राहतो, तिच्या बेकायदेशीर नवऱ्याचा पगार खातो आणि तोंड बंद ठेवण्याची किंमत तिच्याकडून उकळतो. घरात कोण मालक आणि कोण चाकर हे कपड्यांवरून नाही, तर कुणाला काय ठाऊक आहे त्यावरून ठरू लागतं. पुढे कॉनयर्सला कुणीतरी गोळी घालतं आणि त्याच्या जाकिटाच्या अस्तरात रक्ताने भिजलेला विवाहाचा दाखला सापडतो.

कायद्याने बघितलं तर दोघींची दुसरी लग्नं सारखीच रद्दबातल. इंग्लंडच्या १८६१च्या कायद्यात जोडीदार जिवंत असताना दुसरं लग्न करण्याच्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. जोडीदार सलग सात वर्षं बेपत्ता असेल आणि तो जिवंत असल्याचं माहीत नसेल, तरच सूट. जॉर्ज परततो साडेतीन वर्षांनी. आणि नवरा मेला असं प्रामाणिकपणे वाटत होतं, हा ऑरोराचा बचाव इंग्रज न्यायालयाने ठामपणे मान्य केला तो १८८९मध्ये, टॉल्सन खटल्यात. घटस्फोट? १८५७च्या कायद्याने त्यासाठी न्यायालय निघालं होतं, पण नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होई. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा दोन वर्षं टाकून जाणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. नुसता टाकून गेला, एवढ्यावर हेलनची सुटका नव्हती.

पण कादंबरीचं न्यायालय वेगळं. ऑरोरा जॉनशी पुन्हा, गुपचूप आणि यावेळी कायदेशीर, लग्न करून सुखाने नांदते. ल्यूसीची रवानगी बेल्जियममधल्या वेड्यांच्या इस्पितळात, तीही डॉक्टरने ‘वेडी नाही, पण धोकादायक आहे’ असं सांगितल्यावर. तिने जॉर्जला विहिरीत ढकललं, खानावळीला आग लावली, हे खरंच. तिचं वकीलपत्र मी घेत नाही. तरी हिशोब नजरेतून सुटत नाही. श्रीमंताची पोर एकदा खाली घसरली तर ते अल्लडपण, गरिबाची पोर वर चढली तर तो कट. ब्रॅडनला हे कळत नसेल असं वाटत नाही. ती स्वतः प्रकाशक जॉन मॅक्सवेलबरोबर राहत होती, त्याची बायको वेड्यांच्या इस्पितळात जिवंत होती, आणि या दोघांचं लग्न झालं ते ती वारल्यावर, १८७४मध्ये.

दोन्ही वाचायच्या असतील तर लेडी ऑडली आधी घ्या. गुन्हेगार कोण हे तिथे लवकरच कळतं, मजा ते सिद्ध कसं होणार यात आहे. ऑरोरात लेखिका गुपित बरंच दाबून धरते, आणि घोड्यांच्या वर्णनाची पानं सरळ उलटली तरी चालतात.