गुणसूत्रांची टोके: मोडतोडीपासून मोजणीपर्यंत

टेलोमिअर म्हणजे गुणसूत्राचे टोक. त्याची लांबी म्हटली की हल्ली थेट वयाचीच चर्चा सुरू होते. रक्ताच्या नमुन्यावरून ‘जैविक वय’ सांगणाऱ्या चाचण्याही विकल्या जातात. या विषयाचा उगम मात्र गुणसूत्रांच्या मोडतोडीत आहे. वार्धक्य त्याला पुढे येऊन चिकटले.

जनुकशास्त्रज्ञ हर्मन मुलर फळमाशीवर क्ष-किरणांचा मारा करून गुणसूत्रे तोडत असत. तुकडे उलटसुलट जोडले गेल्याची उदाहरणे त्यांना भरपूर मिळाली, पण टोकच गमावलेले गुणसूत्र काही हाती लागेना. टोकाला काहीतरी खास असणार, असा तर्क करून १९३८ साली त्यांनी त्याला ‘टेलोमिअर’ हे नाव दिले. त्याच सुमारास बार्बरा मॅक्लिंटॉक मक्यात हेच दुसऱ्या बाजूने पाहत होत्या. तुटके टोक दुसऱ्या तुटक्या टोकाला चिकटते. अशा जोडगुणसूत्राला दोन सेंट्रोमिअर, म्हणजे विभाजनात गुणसूत्र जिथून ओढले जाते त्या जागा, असतात, त्यामुळे पेशी विभागताना ते दोन्हीकडे ओढले जाते, मध्ये पूल तयार होतो, तो तुटतो आणि नवी तुटकी टोके पुन्हा चिकटायला मोकळी होतात. दाण्यातल्या भ्रूणपोषात, म्हणजे भ्रूणाला पोसणाऱ्या भागात, हे रहाटगाडगे चालूच राही. भ्रूणात मात्र तुटके टोक बरे होई. कसे, याचा उलगडा व्हायला चारेक दशके गेली.

मधल्या काळात हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवले, की माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत साधारण पन्नासेक वेळा विभागून थांबतात. प्रत्येक विभाजनात डीएनएचे टोक थोडे अपुरे राहत असणार, हे मॉस्कोत ओलोव्हनिकोव्ह आणि अमेरिकेत वॉटसन यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्वतंत्रपणे मांडले. टेट्राहायमेना या एकपेशीय जिवातला टोकाचा क्रम एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल यांनी १९७८ मध्ये वाचला. १९८४ च्या नाताळच्या दिवशी कॅरोल ग्रायडर यांना टेलोमरेजचा, म्हणजे टोके वाढवणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा), पहिला पुरावा मिळाला. तुटके टोक बरे करणारा हात तो हाच. विभाजनागणिक माणसाच्या पेशींतली टोके खरोखर झिजतात, हे १९९० मध्ये दिसले आणि तेव्हापासून वयाने हा विषय ताब्यात घेतला.

निरोगी माणसातली मोडतोड मोजायची पद्धत वेगळ्याच वाटेने आली. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल फेनेक आणि अ‍ॅलेक मॉर्ली यांनी ती बसवली. रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी वाढवायच्या, सायटोकॅलॅसिन-बी हे रसायन घालून पेशीचे दोन भाग होणे रोखायचे आणि दुहेरी केंद्रकाच्या हजारभर पेशी काचपट्टीवर तपासायच्या. काही पेशींत मोठ्या केंद्रकांशेजारी छोटा गोल ठिपका दिसतो, तो सूक्ष्मकेंद्रक. तुटलेला गुणसूत्राचा तुकडा मुख्य केंद्रकाबाहेर राहिला की तो बनतो. क्वचित दोन केंद्रकांमध्ये बारीक तंतू ताणलेला असतो. मॅक्लिंटॉक यांचा मक्यातला पूल इथे माणसाच्या रक्तात दिसतो. ठणठणीत माणसातही हजारात काही सूक्ष्मकेंद्रके सापडतातच. वयाबरोबर ती वाढतात.

मग आखूड टेलोमिअर म्हणजे जास्त मोडतोड, असे सरळ गणित का जुळत नाही? एक तर सूक्ष्मकेंद्रक नुसत्या मागे राहिलेल्या अख्ख्या गुणसूत्राचाही बनतो. स्त्रियांमध्ये तो पुष्कळदा एक्स गुणसूत्राचा असतो. त्याचा टोकांशी संबंध असेलच असे नाही. दुसरी अडचण मोजणीतच आहे. २००१ मध्ये ग्रायडर यांच्या गटाने उंदरांत दाखवले, की गुणसूत्रांची स्थिरता ठरते ती सर्वांत आखूड टेलोमिअरवरून, सरासरीवरून नव्हे. नेमकी पुढच्याच वर्षी पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या तंत्राने) सरासरी लांबी मोजायची स्वस्त पद्धत आली आणि मोठ्या लोकसंख्येवरचे बरेचसे अभ्यास तिच्यावरच उभे राहिले. माझ्या मते या क्षेत्रातल्या उलटसुलट निष्कर्षांचे मोठे कारण हेच आहे.

आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हा प्रश्न केरळच्या किनाऱ्यावर नेला. कोल्लमजवळच्या वाळूतल्या मोनाझाइट या खनिजात थोरियम असल्यामुळे तिथला नैसर्गिक किरणोत्सर्ग बराच जास्त आहे. तिथल्या प्रौढांची टेलोमिअर लांबी तपासून २००९ मध्ये निष्कर्ष आला, की किरणोत्सर्गाचा तिच्यावर परिणाम दिसत नाही. अर्थात मोजली होती ती सरासरीच.